दंड सरकारजमा, जखम घरची

नागपूर जिल्ह्यातून वर्धा वेगळा काढला गेला १८६२ साली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून भारतीय दंड संहिता लागू झाली. दोन्ही गोष्टी एका साली घडल्या हा नुसता योगायोग. पण त्यामुळे या जिल्ह्याचे वय आणि आपल्या आजच्या फौजदारी न्यायाचे वय एकच निघते, आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्या माणसाच्या पदरात काय पडले याचा हिशेब मांडायला वर्ध्याइतकी सोयीची जागा नाही.

त्याआधीच्या काळात न्याय फार चांगला होता असे कुणी समजू नये. जात पाहून शिक्षा होत असे, पाटील-देशमुखांच्या मर्जीवर निकाल फिरत असे. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत पक्की होती. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाबद्दल इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल दिला, त्यात तिचे वर्णन आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर. चोर हाती लागला नाही तर गेलेल्या मालाची भरपाई जबाबदारी असणाऱ्यांनी करायची. म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो या सगळ्या खटाटोपाच्या मध्यभागी होता.

इंग्रजी कायद्याने त्याला बाजूला सारले. गुन्हा आता सरकारविरुद्धचा झाला. खटल्याच्या कागदावर एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. ज्याचे डोके फुटले तो साक्षीदार क्रमांक अमुक. त्याने समन्स आले की यायचे, विचारतील तेवढे सांगायचे, भत्ता घेऊन घरी जायचे. आरोपीला दंड झालाच तर तो सरकारजमा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५४५ होते. दंडाच्या रकमेतून जखमीला काही देता येईल, असे ते म्हणत असे. ‘देता येईल’ या शब्दांत आपल्याकडे सहसा कुणाला काही मिळत नाही. १९७३ च्या नव्या संहितेत कलम ३५७ आले. दंड नसला तरी न्यायालय आरोपीला भरपाई द्यायला लावू शकते, अशी सोय त्यात झाली. पण खिसा आरोपीचाच. आरोपी कफल्लक असेल, सापडलाच नसेल किंवा सुटला असेल, तर विषय संपला.

वर्ध्याच्या मातीत या काळात विचार चालू होता तो गुन्हेगाराचा. १९६० च्या मे महिन्यात वर्ध्याजवळच्या पवनारचे विनोबा भिंड-मुरैनाच्या खोऱ्यातून पायी चालले आणि वीसएक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका टाकल्या. देशभर त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. मात्र ज्यांची माणसे त्या बंदुकांनी गेली होती त्यांच्या बाजूने तेव्हाही प्रश्न उठलाच : बागीचे हृदयपरिवर्तन झाले, आमचे काय? विनोबांच्या सर्वोदयाकडे या प्रश्नाचे उत्तर करुणेचे होते. सरकारकडे उत्तरच नव्हते. आज त्याच विनोबांचे नाव असलेले मोठे रुग्णालय वर्धा शहराला लागून, यवतमाळ रस्त्यावर सावंगी (मेघे) येथे उभे आहे, आणि जिल्ह्यातले मारहाणीचे, जळालेले, चाकूचे रुग्ण तिथल्या कॅज्युअल्टीत येतात. या रुग्णालयाकडे पुन्हा येऊच.

ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचे काय, हा प्रश्न विदर्भात उघडा पडला तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात. २६ मार्च १९७२ ची रात्र. आज ते गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. मथुरा या आदिवासी मुलीला चौकशीसाठी ठाण्यात आणले गेले आणि तिथेच दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरून एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशात आंदोलन पेटले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

ही कथा आपण नेहमी कायदा बदलल्याच्या विजयाने संपवतो. तीन न्यायालयांचा हा प्रवास मी मात्र दुसऱ्या अंगाने वाचतो. साडेसहा वर्षे वाद चालला तो तिची संमती होती की नव्हती, अंगावर खुणा होत्या की नव्हत्या यावर. ती कुणाकडे राहते, मजुरीला जाते का, तिला डॉक्टर कुणी दाखवला, साक्षीला यायचे पैसे कुणी दिले, हे त्या वादाचे विषयच नव्हते. ठाण्यातल्या पोलिसांवर आरोप करणाऱ्या मुलीला संरक्षण कुणाचे, हाही नाही. तिच्या नावाने कायदा झाला. त्या कायद्यातही तिच्यासारखीला मदत देण्याचे कलम नव्हते.

जगात तोवर वारे फिरले होते. इंग्लंडमध्ये मार्जरी फ्राय या तुरुंगसुधारक बाईंनी पन्नाशीच्या दशकात मांडणी केली की गुन्ह्यात जखमी झालेल्याची भरपाई राज्याने करावी, कारण त्याला वाचवण्याची जबाबदारी राज्यानेच घेतली होती. न्यूझीलंडने १९६३ मध्ये तसा कायदा केला आणि ब्रिटनने १९६४ मध्ये योजना आणली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रुदुल शाह या बिहारच्या माणसाला, निर्दोष ठरल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात सडवल्याबद्दल, राज्य सरकारला पैसे द्यायला लावले. पण तो सरकारच्या स्वतःच्या चुकीचा दंड होता. शेजाऱ्याने कुऱ्हाड मारली तर सरकारने का द्यावे, हा प्रश्न तसाच राहिला.

भारतात याचे पहिले ठोस, दरपत्रकासह उत्तर आले ते दलित-आदिवासींवरील अत्याचाराच्या कायद्यातून. कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. त्या नियमांना जोडलेले परिशिष्ट कोरडे आहे, पण माझ्या मते आपल्या फौजदारी इतिहासातले ते फार मोलाचे पान आहे. मूळ दरांनुसार मिळवता माणूस मारला गेला तर दोन लाख आणि न मिळवता गेला तर एक लाख, त्यातले ७५ टक्के शवविच्छेदनानंतर लगेच आणि उरलेले आरोप सिद्ध झाल्यावर. पैसे द्यायचे जिल्हाधिकाऱ्याने. मोठ्या हप्त्यासाठी निकालाची वाट पाहायची नाही, आरोपीचा खिसा चाचपायचा नाही. शिवाय साक्षीला येण्याचा प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि संरक्षण, हे सगळे नियमातच होते.

हे परिशिष्ट विदर्भात कसोटीला लागले भंडारा जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी गावात भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे, असे सारे घर जमावाने संपवले. पहिले काही आठवडे मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांतही ही बातमी नीट आली नाही. नोव्हेंबरात नागपूर, अमरावती, यवतमाळ रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारही हलले. सीबीआयकडे तपास गेला. भैयालालना आर्थिक मदत मिळाली, भंडाऱ्यात घर मिळाले, शासकीय वसतिगृहात नोकरी मिळाली आणि सोबत पोलीस संरक्षण आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने तिचे २५ वर्षांच्या सक्तमजुरीत रूपांतर केले. दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटीचा कायदा मात्र लागू धरला नाही. गंमत म्हणायची नाही, पण पाहा : ज्या कायद्याच्या नियमांनी मदतीची वाट घालून दिली, तो कायदाच निकालात टिकला नाही. मदत टिकली, कारण ती निकालाला बांधलेली नव्हती. भैयालाल २० जानेवारी २०१७ रोजी गेले. शेवटपर्यंत ते प्रत्येक पत्रकाराला तीच हकीकत पुन्हा सांगत राहिले.

खैरलांजीने एक पायंडा घट्ट केला, तो मला आजही खटकतो. घर, नोकरी, अंगरक्षक हे सगळे आले, पण मोर्च्यांच्या मागून. जिथे मोर्चा निघाला नाही त्या गावातल्या विधवेला परिशिष्टातले दोन लाख मिळवायला समाजकल्याणच्या कार्यालयात किती चकरा माराव्या लागल्या असतील, त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

सर्वांसाठीचा कायदा आला ३१ डिसेंबर २००९ पासून : कलम ३५७-अ. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी निधी ठेवावा, रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ठरवावी आणि चौकशी दोन महिन्यांत संपवावी. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताने अर्ज करावा. आणि सर्वांत उपयोगाचे पोटकलम सहावे : तातडीचा प्रथमोपचार किंवा वैद्यकीय मदत हवी असेल तर ठाणेदाराचा दाखला पुरे. ठाणेदार म्हणजे आपल्याकडे जो ठाण्याचा प्रमुख असतो तो. त्याने एक कागद लिहून दिला की प्राधिकरण उपचार मोफत करायला सांगू शकते. हा दाखला लिहिता येतो हे किती ठाण्यांत माहीत आहे, असे वकिलांना विचारले की ते नुसते हसतात.

२०१३ हे या सगळ्यातले गर्दीचे साल. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर फौजदारी कायदा बदलला आणि त्यात कलम ३५७-क आले : सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कार आणि अॅसिडहल्ल्याच्या पीडितांवर तत्काळ, मोफत उपचार करावेत आणि पोलिसांना कळवावे. नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी खटल्यात अॅसिडहल्ल्याला किमान तीन लाख ठरवले. ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलमधली सामूहिक बलात्काराची घटना घडली. आणि २ ऑक्टोबरपासून महाराष्ट्राने ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारासाठी दोन लाख, विशेष प्रकरणात तीन. अॅसिडने चेहरा विद्रूप झाला तर तीन लाख, इतर जखमांना पन्नास हजार. गांधीजयंतीचा मुहूर्त सरकारला फार आवडतो. पाच वर्षांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची महिला पीडितांची योजनाही २ ऑक्टोबर २०१८ लाच लागू झाली.

२०१३ सालीच, ३ मे रोजी, महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वकील त्याला ‘अंकुश शिवाजी गायकवाड’ म्हणून ओळखतात. घटना शेतातली. रस्त्याने जाणाऱ्यावर शेतमालकाचा कुत्रा भुंकला. जाणाऱ्याने हातातल्या लोखंडी पाइपने कुत्र्याला मारले. शेतकऱ्याने जाब विचारला, बाचाबाची झाली आणि तोच पाइप त्याच्या डोक्यात बसला. काही दिवसांनी शेतकरी गेला. न्यायमूर्ती टी. एस. ठाकूर यांनी लिहिलेल्या या निकालात खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आली, आणि त्यापुढची पाने भरपाईवर आहेत. प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे, द्यायची किंवा नाकारायची असेल तर कारण लिहिले पाहिजे, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. खालच्या दोन्ही न्यायालयांना कलम ३५७ ठाऊक नसल्यासारखे निकाल दिसतात, अशी खंतही आहे. मग त्या शेतकऱ्याच्या घरच्यांना काय मिळाले? काही नाही. इतक्या वर्षांनी प्रकरण परत पाठवणे बरे दिसत नाही, पुढे न्यायालये सावध राहतील अशी आशा आहे, असे म्हणून प्रकरण मिटवले गेले. देशभर हजारो निकालांत उद्धृत होणारा नियम ज्या घराच्या दुःखातून निघाला, त्या घराला त्याचा एक रुपया लागला नाही.

आता सावंगी. वर्धा जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालये दोन : सेवाग्रामचे १९६९ चे आणि सावंगीचे १९९० चे. दोन्ही सरकारी नाहीत. त्यामुळे ‘सरकारी असो वा खासगी’ हे कलम ३५७-क मधले चार शब्द या जिल्ह्यात फार वजनाचे आहेत. रात्री जळालेली बाई देवळी किंवा पुलगावच्या बाजूने येते तेव्हा कॅज्युअल्टीत आधी एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद होते. कुणी आणले, किती वाजता, तोंडी काय सांगितले, किती टक्के भाजले. पोलिसांना मेमो जातो. माणूस गंभीर असेल तर नायब तहसीलदाराला बोलावून मृत्युपूर्व जबाब. ‘रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे’ अशी डॉक्टरची सही त्या जबाबावर घेतात, आणि ती सही, ती वेळ, तो टक्का हेच पुढे खटल्यात आणि भरपाईच्या अर्जात बोलतात. पहाटे तीन वाजता झोपमोड झालेल्या निवासी डॉक्टरने घाईत लिहिलेला आकडा दोन वर्षांनी जिल्हा न्यायालयातल्या फायलीत रक्कम ठरवतो.

महिला पीडितांच्या राष्ट्रीय योजनेचे दर पाहिले की हे कळते. जळण्यात ५० टक्क्यांहून जास्त इजा असेल तर पाच ते आठ लाख, त्याहून कमी असेल तर तीन ते पाच, २० टक्क्यांखाली दोन ते तीन. मृत्यू झाला तर पाच ते दहा.

अत्याचाराच्या तपासणीत तर रुग्णालयाच्या कागदाने आणखी नुकसान केले होते. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये पीडित महिलांच्या वैद्यकीय तपासणीच्या दर्जावर एक सविस्तर अहवाल तयार केला. ‘टू फिंगर टेस्ट’ कशी अशास्त्रीय आहे आणि डॉक्टर कसे छापील मसुद्यात मुलीच्या चारित्र्याचे शेरे भरतात, हे त्यात मांडले होते. त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली आणि राज्याला तपासणीची नवी पद्धत आखावी लागली. रस्त्यावर एकही मोर्चा न निघता, एका प्राध्यापकाच्या चिकाटीने झालेला हा बदल. या लेखात अशी उदाहरणे फार नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

३ फेब्रुवारी २०२०, सोमवार. हिंगणघाटच्या नांदोरी चौकात सकाळी कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर गावातल्याच माणसाने पेट्रोल ओतून तिला पेटवले. तिला नागपूरच्या खासगी रुग्णालयात हलवले. हिंगणघाट आणि वर्धा बंद झाले, मुलींचे मोर्चे निघाले. सरकारने उपचाराचा सगळा खर्च उचलण्याचे जाहीर केले, मुंबईहून भाजलेल्यांवर उपचार करणारे तज्ज्ञ आले, उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली, कुटुंबाला नोकरीचे आश्वासन मिळाले. १० फेब्रुवारीच्या सकाळी ती गेली.

सरकार धावले नाही असे इथे कुणी म्हणू शकत नाही. पण ते ज्या वाटेने धावले ती पाहा. रुग्णालयाचा खर्च मंत्र्यांच्या घोषणेतून आला. कलम ३५७-अ तेव्हा दहा वर्षांचे झाले होते. ‘मनोधैर्य’ २०१७ च्या अखेरीस सुधारून मदत दहा लाखांपर्यंत नेली होती आणि काम विधी सेवा प्राधिकरणाकडे दिले होते. मात्र तिच्या यादीत बलात्कार, बालकांवरील अत्याचार आणि अॅसिडहल्ला एवढेच होते. पेट्रोल नव्हते. बाटलीत काय होते यावर योजनेचे दार उघडे की बंद हे ठरत होते. पुढे राज्याने पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस यांसारख्या ज्वालाग्राही पदार्थांच्या हल्ल्यांनाही योजनेत घेतले. इतकी साधी गोष्ट आधी कुणाच्या ध्यानात कशी आली नाही, हे विचारायला हवे, कारण आपल्याकडे बायका अॅसिडपेक्षा रॉकेल-पेट्रोलनेच जास्त जळत आल्या आहेत.

हिंगणघाटनंतर कडक शिक्षेची मागणी इतकी जोरात होती की विधिमंडळाने ‘शक्ती’ विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते प्रत्यक्षात आले नाही. फाशीची चर्चा दोन वर्षे चालली, परिशिष्टातल्या दरांची चर्चा दोन दिवसही नाही. तिच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली.

ज्यांच्यासाठी शहर बंद होत नाही, त्यांचा रस्ता वर्ध्याच्या न्यायालय आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे जातो. अर्ज, एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, आधार, पासबुक. २०१७ च्या सुधारणेनुसार मनोधैर्यची रक्कम मंजूर झाली की २५ टक्के हातात आणि ७५ टक्के दहा वर्षांच्या मुदत ठेवीत. बाईच्या हातून नवऱ्याने किंवा भावाने पैसे काढून घेऊ नयेत, हा हेतू. हेतू समजतो. पण जिला त्याच आठवड्यात घर बदलायचे आहे, कारण आरोपीचे घर समोरच्याच गल्लीत आहे, तिला दहा वर्षांनी फळणारी ठेव काय कामाची?

संरक्षणाचेही असेच आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मंजूर केली. धोका किती याचा अहवाल उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा आणि जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने ठरवायचे. खैरलांजीत एका माणसाला मोर्च्यांच्या मागून मिळालेले संरक्षण आता अर्जावर मिळू शकते. अर्ज कुठे करायचा हे पीडितेला सांगायचे काम कुणाचे, ते मात्र ठाणे, सरकारी वकील आणि प्राधिकरण या तिघांमध्ये लोंबकळते.

१ जुलै २०२४ पासून ही कलमे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गेली. ३५७-अ चे ३९६ झाले, ३५७-क चे ३९७, आणि साक्षीदार संरक्षण ३९८ मध्ये आले. चारच महिन्यांनी, ४ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातल्याच एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराचे प्रकरण आले. आरोपीचा जामीन हा विषय होता. कागद पाहताना न्यायमूर्तींच्या लक्षात आले की सत्र न्यायालयाने आरोपीला शिक्षा दिली, पण मुलीच्या भरपाईबद्दल एक ओळही लिहिली नाही. कलम येऊन पंधरा वर्षे झाली होती. कुत्र्यावरून झालेल्या भांडणाच्या निकालात ‘पुढे सावध राहतील’ ही आशा लिहून अकरा. न्यायालयाने आदेश दिला की महिला आणि बालकांवरील अत्याचाराच्या प्रत्येक निकालात सत्र न्यायाधीशांनी भरपाईचा आदेश द्यावा, प्राधिकरणाने तो लवकरात लवकर अमलात आणावा, आणि या आदेशाची प्रत सर्व उच्च न्यायालयांमार्फत देशातल्या प्रत्येक प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशाकडे पाठवावी.